गायी किती, हे वैरणीला विचारा

छोट्या शेतकऱ्याने जनावरं पाळायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती गायी असल्या म्हणजे परवडतं? कोणी पाच म्हणतं, कोणी दहा. कर्ज देणारा म्हणतो, दोन गायींवर प्रकरण बसत नाही, चार तरी घ्या. योजना आखणारे वर्षाच्या शेवटी सांगतात, इतक्या कुटुंबांना इतक्या गायी दिल्या. आकडा मोठा तेवढी प्रगती मोठी, असा सगळ्यांचा सरळ हिशेब.

मला वाटतं हा प्रश्नच उलट्या टोकाने धरला जातो. आपल्या शेतातून वर्षभरात वैरण किती निघते हे आधी मोजायचं आणि गायींची संख्या त्यातून काढायची. जिथे आधी गायी येतात आणि मग त्यांच्या पोटाची सोय शोधली जाते, तिथे दूध वाढतं, धावपळ वाढते, देणी वाढतात; घटते ती फक्त शिल्लक.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका वर्षी आम्ही घरच्या चाऱ्यावर निभणाऱ्या जनावरांत एकाची भर घातली. गाय चांगली होती, कासेची भरलेली, अंगाने शांत. दुधाचा आकडा वाढला म्हणून घरात सगळे खूश. टंचाईचे महिने आले आणि वैरण सहा आठवडे आधीच संपली. तेव्हा ती सगळ्यांचीच संपलेली असते, म्हणून सगळ्यात महाग असते. शिवाय विकतचा चारा काही एकट्या नव्या गायीने खाल्ला नाही. जुन्याही त्याच्यावरच आल्या. वर्षअखेरीला वही मांडली तेव्हा दूध आधीच्या वर्षापेक्षा जास्त होतं आणि हातात उरलेली रक्कम कमी. गोठ्यातली शेवटची गाय नेहमी विकतचं खाते, हे त्या वर्षी कळलं. सरासरी काढली की ती गाय दिसत नाही, कारण तिचा खर्च सगळ्यांच्या खर्चात मिसळून जातो.

थोडं गणित करू. 400 किलो वजनाची दुभती गाय रोज वजनाच्या साधारण 3 टक्के, म्हणजे 12 किलोच्या आसपास शुष्क पदार्थ खाते. शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी वजा केल्यावर जे उरतं ते. हिरव्या चाऱ्यात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असतं, त्यामुळे हिरव्या भाऱ्याचं वजन माणसाला फसवतं. डोक्यावर ओझं भरपूर आणि गायीच्या पोटात ऐवज थोडा. दिवसाला 12 किलो धरले तर एका गायीला वर्षाला जवळपास 4.4 टन शुष्क पदार्थ लागतो. त्यातला काही पेंडीतून आणि भरड्यातून जातो, पण मोठा भाग चाऱ्याचाच. दुधाच्या उत्पादनखर्चात निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत वाटा खाद्याचा असतो. एवढी मोठी बाब आणि ती कुठल्याच वहीत नसते. गोठ्यात लिटर लिहिले जातात, पेंडीची पोती लिहिली जातात, वैरणीचे भारे कोणी मोजत नाही. घरची आहे ना, मग फुकट. ही 'फुकट'ची समजूत छोट्या गोठ्याला सगळ्यात महाग पडते.

आता दुसरं गणित, आणि माझा सगळा युक्तिवाद त्याच्यावरच उभा आहे. चांगल्या सांभाळात गाय 13 महिन्यांनी पुन्हा विते. त्यातले 10 महिने ती दूध देते, 3 महिने भाकड असते. हेळसांड झालेल्या गोठ्यात दोन वेतांतलं अंतर सहज 18 महिन्यांवर जातं. म्हणजे 10 महिने दूध आणि 8 महिने नुसतं खाणं. 13 महिन्यांच्या चक्रातल्या 3 गायी घेतल्या तर वर्षभरात सरासरी 2.3 गायी दुधात असतात. 18 महिन्यांच्या चक्रातल्या 4 गायी घेतल्या तर दुधात असतात 2.2. तीन गायी चार गायींना मागे टाकतात, आणि चौथीचा साडेचार टनांच्या घरातला चारा वाचतो. उशिरा गाभण राहिलेली गाय दूध थोडं लांबवते हे खरं. पण त्या शेवटच्या महिन्यांतलं दूध एवढं बेताचं असतं की त्याने या हिशेबात फार फरक पडत नाही.

13 चे 18 कसे होतात? गायीचा गर्भकाळ साधारण 280 दिवसांचा. तो काही कमीजास्त होत नाही. लांबतो तो व्यायल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचा काळ. गाय दर 21 दिवसांनी माजावर येते. म्हणजे या दोन चक्रांतला पाच महिन्यांचा फरक म्हणजे सात माज वाया गेले. माज टिकतो जेमतेम बारा ते अठरा तास, आणि त्याची लक्षणं पुष्कळदा रात्री किंवा पहाटे, माणसं झोपेत असताना दिसतात. तेव्हा एखाददुसरा माज चुकणं समजू शकतं. सातच्या सात चुकतात तेव्हा मात्र कारण बहुतेक वेळा नजर नसते, पोट असतं. व्यायल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांत दूध शिगेला पोहोचतं, पण गायीची भूक त्या मानाने उशिरा वाढते. मधल्या काळात ती आपल्या अंगावरची चरबी वितळवून दूध देते. त्यात वैरण अपुरी असेल तर अंग आणखी झडतं आणि शरीर नवा गर्भ धरायलाच नकार देतं. गाय माजावर येतच नाही, किंवा आली तरी तो मुका माज असतो. बाहेरून काही कळत नाही.

म्हणून चार गायींचा चारा पाच गायींना वाटला तर नुकसान पाचवीपुरतं राहत नाही. पाचही गायी थोड्याथोड्या उपाशी राहतात, पाचही उशिरा गाभण जातात, पाचांच्या भाकड काळाचा भार मग त्याच अपुऱ्या वैरणीवर पडतो. जनावर वाढवून उत्पन्न वाढवायला गेलेला माणूस आपल्या हाताने गोठाभर भाकड जनावरं तयार करतो. पुढे तो म्हणतो की या धंद्यात काही राम नाही. धंद्यात असेलही, त्याच्या आकड्यात नव्हता.

ही अक्कल काही नवी नाही. स्वित्झर्लंडच्या डोंगरात त्योर्बेल नावाचं गाव आहे. तिथल्या गावकऱ्यांनी 1517 साली एक नियम लिहून ठेवला: उन्हाळ्यात वरच्या सामायिक कुरणावर कोणी किती गायी सोडायच्या? तर हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या पोसता येतील तितक्याच. मानववंशशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या गावाचा अभ्यास केला आणि सामायिक संपत्तीच्या व्यवस्थापनावरच्या कामासाठी 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी त्याचा दाखला दिला. ऑस्ट्रॉम यांचा रोख कुरण वाचण्यावर होता. मला त्या नियमातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. तो नियम कुरणाला वाचवतो तसा गाय ठेवणाऱ्यालाही त्याच्या स्वतःच्या हावेपासून वाचवतो. हिरवं कुरण पाहून कोणालाही दोन गायी जास्त घ्याव्याशा वाटतात. नियम सांगतो, कठीण महिन्यांकडे बघ आणि मग ठरव.

एरवी सल्ला याच्या उलट मिळतो. चारा कमी पडतो? पेंड वाढवा. पेंड वाढवून दूध वाढतं यात शंका नाही. पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाची रचना चाऱ्यासाठी झालेली आहे. धान्य आणि पेंड एका मर्यादेपलीकडे गेली की पोटात आम्ल वाढतं, फॅट घसरते, पाय दुखावतात. माणूस, कोंबडी आणि डुक्कर जे खातात तेच गायीला विकत आणून घालायचं तर गाय ठेवण्यात मौज काय? काड, पाला, गवत, शेंगांची टरफलं, ज्याला बाजारात कोणी विचारत नाही त्याचं दूध करणं ही तिची करामत. तिला त्या कामावरून काढून पेंडीच्या पोत्यावर बसवलं की छोटा शेतकरी एकदम मोठ्या कारखानदार गोठ्याशी बरोबरी करायला निघतो, आणि पोतं तर त्याच्यापेक्षा मोठ्या गोठ्यालाच स्वस्त पडतं.

चारा वाढवायचा म्हणजे जमीन वाढवायची असंही नाही. पुष्कळ शेतांवर चारा कमी नसतो, तो चुकीच्या महिन्यात असतो. भर हंगामात हिरवा चारा पायदळी तुडवला जातो आणि चार महिन्यांनी त्याच दावणीला जनावर कोरडी काडी चघळत असतं. मका दाण्यात चीक भरून घट्ट व्हायला लागला, झाडात शुष्क पदार्थ 30 ते 35 टक्क्यांवर आला, की कापायचा, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करायची, खड्ड्यात किंवा पिशवीत दाबून दाबून भरायची आणि हवाबंद करायची. महिना-दीड महिन्यात मूरघास तयार होतो आणि हवा शिरली नाही तर वर्षभर टिकतो. सगळं यश दाबण्यात आहे. हवा राहिली की बुरशी आली. ज्यांचा मूरघास नासला त्यांनी बहुधा यंत्र हलकं घेतलं नव्हतं, पाय हलके ठेवले होते.

वाळलेल्या काडाचंही तसंच. 100 किलो काडावर 4 किलो युरिया 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा, थर दाबून झाकायचे, तीन आठवड्यांनी उघडायचे. तीन-चार टक्के प्रथिनांची काडी दुप्पट कसाची होते आणि पचते बरी. वासरांना ती घालायची नाही आणि युरिया अंदाजपंचे टाकायचा नाही, इतकं पथ्य. ही युक्ती कितीतरी वर्षं जुनी आहे. ती पसरली नाही याचं एक कारण मला दिसतं: काड सुधारण्याचा फोटो निघत नाही. नवी गाय दारात उभी केली, हार घातला, की फोटो निघतो.

न्यूझीलंडने ऋतूंचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवला. तिथले बहुतेक दूधउत्पादक सगळ्या गायी वसंताच्या तोंडाशी एकदम विण्याची वेळ साधतात आणि थंडीत गवत थांबतं तेव्हा सगळा कळप आटवतात. गवताची चढती वेळ आणि दुधाची चढती वेळ एक. हे जसंच्या तसं सगळीकडे चालणार नाही. ज्याच्या घरचा रोजचा खर्च रोजच्या दुधावर आहे त्याला दोन महिने कोरडे काढणं कसं परवडेल? पण त्यातला विचार कोणालाही घेता येतो. दोन गायी असतील तर निदान एकीचं वेत तरी भरल्या वैरणीच्या महिन्यात पडेल असं बघावं. ते आधी नऊ महिन्यांवर ठरतं. तिथे वही लागते, पैसा लागत नाही.

पिकाकडे वळू, कारण गोठा आणि शेत हे दोन धंदे नाहीत, एकाच धंद्याची दोन तोंडं आहेत. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गहू आणि भाताचे बुटके वाण आले. जपानच्या नोरिन 10 या गव्हातलं बुटकेपण नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत आपल्या वाणांत आणलं आणि त्यातून कोट्यवधी लोकांचं पोट भरलं. त्याबद्दल वाद घालण्याचं कारण नाही. पण त्या झाडाने काय केलं? काडात जाणारा ऐवज दाण्यात वळवला. कृषी खात्यांच्या तक्त्यात एकरी दाणा वाढलेला दिसला. काड कमी झाल्याचा रकाना तक्त्यात नव्हताच. ज्याच्या दारात जनावर नाही त्याला काही गमावल्यासारखं वाटलं नाही. ज्याच्या दारात आहे त्याने दाण्यात कमावलं त्यातलं थोडं वैरणीत घालवलं, आणि ते कोणी मोजलं नाही. म्हणून मिश्र शेती करणाऱ्याने वाण निवडताना दाण्यासोबत कडबाही विचारायला हवा: किती निघतो, जनावर किती आवडीने खातं, किती उष्टावळ टाकतं. ज्वारी-बाजरीचा चांगला कडबा आणि वाईट कडबा यांत पचनाचा जो थोडासा फरक असतो, तो गाय दुधात मोजून दाखवते. आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी या दुहेरी उपयोगाच्या वाणांवर काम झालं आहे. बियाणं घेताना मात्र दुकानाच्या फळीवर त्याचा उल्लेख क्वचितच दिसतो.

मक्यात चवळी, बांधावर चाऱ्याची झाडं, एक तुकडा लसूणघास. या गोष्टी कोणालाही ठाऊक असतात, मी त्यांचा पाढा वाचत नाही. एवढंच सांगतो, की द्विदल चारा दोनदा कमावतो: एकदा गायीच्या पोटात प्रथिनं घालून, एकदा जमिनीत नत्र बांधून. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर हा द्विदल चारा अशी चार वर्षांची फेरपालट रुळली, तिचं मर्म हेच होतं. आधी जी जमीन पडीक ठेवावी लागे तिच्यावर जनावरांचा चारा आला, चाऱ्याने जनावरं पोसली, त्यांच्या खताने गहू वाढला.

खत हा माझा दुखरा विषय आहे. गाय जे नत्र खाते त्यातलं सत्तर-ऐंशी टक्के बाहेर टाकते. शेणाकडे सगळ्यांचं लक्ष असतं, पण त्या नत्राचा जवळपास निम्मा भाग आणि पालाशचा बहुतेक भाग मूत्रात असतो. ते गोठ्यामागच्या चरातून वाहून जातं, आणि त्याच घरातून खताचं पोतं आणायला गाडी निघते. तळ सपाट आणि उताराचा करून मूत्र एका खड्ड्यात घेणं, किंवा उष्टावळीचा, काडीकचऱ्याचा थर अंथरून ते शोषून घेणं, एवढंच करायचं असतं. उघड्यावर, उन्हापावसात पडलेल्या उकिरड्यातून निम्म्यापर्यंत नत्र हवेत आणि पाण्यात जातं. वर चार काठ्या टाकून पाचट पसरलं तरी त्यातलं बरंच वाचतं. साधारण शेणखताच्या 10 टनांत 50 किलो नत्र असतं. त्यातलं पहिल्या वर्षी पिकाला तिसरा हिस्साच मिळतो, उरलेलं पुढे मुरत राहतं. अधीर माणसाला वाटतं खतात दम नाही.

इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेडला ब्रॉडबॉक नावाचं शेत आहे. तिथे 1843 पासून गव्हावर एकच प्रयोग चालू आहे: काही पट्ट्यांना काहीच नाही, काहींना रासायनिक खत, एकाला दरवर्षी हेक्टरी 35 टन शेणखत. शेणखताच्या पट्टीत सेंद्रिय कर्ब इतरांच्या दुपटीहून अधिक झाला. हा दाखला शेणखताचे भक्त नेहमी देतात. त्यांनी पुढचंही सांगायला हवं. पुरेसं रासायनिक खत दिलेल्या पट्ट्यांनी उत्पादनात दीर्घकाळ शेणखताच्या तोडीस तोड गहू दिला, आणि आजच्या वाणांत सर्वात जास्त उत्पन्न शेणखतावर थोडं नत्र जोडलेल्या पट्टीत येतं. शिवाय हेक्टरी 35 टन म्हणजे पाच-सहा गायींचं वर्षाचं खत एकाच हेक्टराला. ते कोणत्या छोट्या शेतकऱ्याकडे असतं? तेव्हा खताचं पोतं पूर्ण बंद करण्याची शपथ घेऊ नये. पोती कमी करावीत आणि असलेलं खत सगळ्या शेतावर शिंतडण्याऐवजी दरवर्षी एका तुकड्याला भरपूर द्यावं.

आता समोरच्या बाजूचं म्हणणं, आणि ते कमजोर नाही. मोठ्या गोठ्याचा लिटरमागे खर्च कमी येतो. दूध काढायचं यंत्र, थंड करायची टाकी, ट्रॅक्टर, डॉक्टरची फेरी, हे सगळं शंभर गायींवर विभागलं तर हलकं पडतं आणि तीन गायींवर बोजा होतं. म्हणून धोरण सांगतं: वाढा, नाहीतर बाजूला व्हा. याला उत्तर म्हणून 'लहान ते सुंदर' असले सुविचार पुरत नाहीत. उत्तर द्यायचं तर विचारायला हवं की वाढल्याचा फायदा शेवटी कोणाकडे जातो. अमेरिकी कृषी अर्थशास्त्रज्ञ विलार्ड कॉक्रेन यांनी 1958 मध्ये याला पायचक्कीची उपमा दिली. नवं तंत्र पहिल्यांदा घेणारा कमावतो. मग सगळे घेतात, उत्पादन वाढतं, भाव उतरतो, आणि आता ते तंत्र घेणं ही नुसती जिवंत राहण्याची अट उरते. सगळे पळतात, कोणी पुढे जात नाही. ज्याचे पाय थकतात त्याची जमीन शेजारी घेतो.

युरोपीय महासंघाने 1984 पासून दुधावर कोटा ठेवला होता. 2015 च्या मार्चअखेर तो उठवला. आता हवं तेवढं दूध काढा, जग घेईल, असा सूर होता. शेतकऱ्यांनी आधीच गोठे वाढवले होते. जगाने त्या प्रमाणात घेतलं नाही, भाव कोसळले, सरकारी गोदामांत दुधाच्या भुकटीचे साडेतीन लाख टनांहून मोठे ढीग लागले, आणि 2016 मध्ये तोच महासंघ दूध कमी काढणाऱ्या शेतकऱ्याला पैसे देत होता. दीड वर्षात 'वाढा' पासून 'थांबा' पर्यंत. मोठ्या कर्जावर मोठा गोठा बांधलेल्याला थांबता येत नाही. हप्ता थांबत नाही. घरच्या वैरणीवर तीन गायी ठेवणारा अशा वर्षी वाकतो, मोडत नाही. त्याच्या खर्चातला मोठा भाग रोखीचा नसतो.

पण इथेच एक खाचही आहे. रशियन अर्थशास्त्रज्ञ अलेक्झांडर चायानोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की कुटुंबाची शेती कारखान्याच्या हिशेबाने चालत नाही. घरची माणसं स्वतःची मजुरी लावत नाहीत, म्हणून जिथे पगारी माणसांवर चालणारी मोठी शेती बुडते तिथे कुटुंबाची तग धरते. 1930 मध्ये त्यांना अटक झाली आणि 1937 मध्ये गोळी घालण्यात आली. शेतकरी आपल्या पद्धतीने टिकेल हे म्हणणं तेव्हाच्या सत्तेला सोयीचं नव्हतं. मला त्यांचं निरीक्षण पटतं आणि त्याची भीतीही वाटते. तग धरणं म्हणजे नफा नव्हे. पहाटेची धार, वैरणीची कापणी, शेण, पाणी, वासरू हे काम कोण करतं? बहुतेक गोठ्यांत बाई करते, आणि तिच्या तासांचा मोबदला शून्य धरून 'गोठा परवडतो' असं पुरुष सांगतो. गायी किती ठेवायच्या याचा पहिला हिशेब वैरणीचा, हे मी म्हटलंच. दुसरा हिशेब माणसांच्या तासांचा. वर्षभर घरच्या प्रत्येक तासाला शेजारच्या मजुरीचा अर्धा दर तरी लावून पाहा. तोही निघत नसेल तर त्या गोठ्यात एक गाय जास्त आहे किंवा तो गोठाच नको आहे. काही शेतं कितीही नीट केली तरी पोटापुरती होत नाहीत, आणि त्यांना तसं सांगणं हा त्यांचा अपमान नाही.

एकट्याने न जमणारं काम मिळून करायची वाट जुनी आहे. 1878 मध्ये स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल यांनी साय वेगळी काढणारं फिरतं यंत्र आणलं. ते एकट्या छोट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं. 1882 मध्ये डेन्मार्कच्या पश्चिम भागात येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी मिळून सहकारी दूधघर काढलं आणि काही वर्षांत देशभर तशी शेकडो उभी राहिली. दोन गोष्टी त्यांनी नेमक्या केल्या. साय काढून उरलेलं दूध सभासदाला परत दिलं, म्हणजे त्यावर त्याची डुकरं पोसली गेली आणि काही वाया गेलं नाही. आणि मत दिलं ते माणशी एक. दहा गायीवाल्यालाही एक, दोन गायीवाल्यालाही एक. डॅनिश भाषेत डोकं आणि गुरं या शब्दांत एका स्वराचाच फरक आहे, त्यामुळे 'डोक्यांप्रमाणे मत, गुरांप्रमाणे नाही' ही त्यांच्याकडे म्हणच झाली. यंत्र मोठं झालं, गोठा लहानच राहिला. मोठेपणाचे फायदे गोठ्याबाहेर नेता येतात, हे ज्यांना पटत नाही त्यांनी या दूधघरांचा इतिहास पाहावा. सहकार बिघडतो तोही याच ठिकाणी: माणशी मत कागदावर राहतं आणि जास्त दूध घालणाऱ्याचं वजन पडू लागतं.

तर सार्वजनिक पैसा कुठे जावा? गाय खरेदीसाठी दिलेलं अनुदान मी सगळ्यात खाली ठेवीन. त्याने बाजारात गायीची किंमत चढते, विकणारा कमावतो, आणि घेणाऱ्याच्या दावणीला एक भुकेलं तोंड वाढतं. वर ठेवीन ती वेळेवर मिळणारी रेतनाची सेवा. माज बारा-अठरा तासांचा आणि माणूस येणार दुसऱ्या दिवशी दुपारी, मग त्या सेवेचा उपयोग काय? त्यासोबत फिरतं कुट्टी आणि मूरघास यंत्र, जे मालकीचं नसलं तरी चालतं पण कापणीच्या आठवड्यात हाताशी लागतं. चाराबियाणं. दुधाची फॅट देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तपासणारं साधं यंत्र. आणि कर्जाच्या अर्जावर एक रकाना: या गायीची वर्षाची वैरण कुठून येणार? तो कोरा असेल तर गायीसाठी नाही, चाऱ्याच्या तुकड्यासाठी कर्ज द्यावं.

यावर एक आक्षेप मला स्वतःला सतावतो. वैरणीवरून गायी ठरवायच्या तर ज्याच्याकडे जमीनच नाही त्याने काय करायचं? बांधाबांधावरचं गवत कापून एक म्हैस पाळणारी बाई माझ्या नियमात बसत नाही, आणि नियम तिच्यावर लादला तर तिच्या हातची एकमेव मिळकत जाते. तिचा चारा दुसऱ्यांच्या बांधावर आणि सामायिक कुरणावर आहे, आणि तेच सगळ्यात आधी आकसत चाललं आहे: कुठे कुंपण पडतं, कुठे बांधकाम होतं, कुठे तणनाशकाने बांध जळतात. त्योर्बेलच्या नियमाला अर्थ होता कारण तिथे कुरण होतं आणि ते कोणाचं हे सगळ्यांना माहीत होतं. कुरण मोजून, त्याच्या हद्दी लिहून, ते ज्यांना जमीन नाही त्यांच्या हाती दिल्याशिवाय त्यांना गायी वाटणं म्हणजे त्यांच्या माथी एक उपाशी जनावर आणि वर त्याचा हप्ता मारणं आहे.